फळ्यावरचा सातवा बिल्ला

दुपारचे तीन वाजले, विजेच्या तारांवरचं काम संपलं, सात माणसं खाली यायला हवी होती, आणि फळ्यावर एक बिल्ला अजून लोंबतच होता.

सुपरवायझरकाकांनी हातातला फोन परत खिशात टाकला. नियम त्यांचाच, आणि अगदी साधा. टॉवरवर चढण्याआधी ज्याने त्याने आपला पितळी बिल्ला जीपजवळच्या फळ्यावर अडकवायचा आणि उतरल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने बोटसुद्धा लावायचं नाही. फळा रिकामा झाला की काका सबस्टेशनला फोन करणार, मगच लाइन चालू होणार.

बिल्ला होता वादळाचा, सगळे त्याला ह्याच नावाने हाक मारत. वादळ म्हणजे चढायला पहिला, उतरायला पहिला, जेवायला तर त्याच्याही आधी.

"तो गेला हो काका, दाढ काढायला," एकजण म्हणाला. "गाल भोपळ्यासारखा सुजला होता."

"तू पाहिलंस त्याला जाताना?"

"मी नाही, ह्याने पाहिलं."

"मी कुठे? मला तर तूच सांगितलंस!"

घ्या! सहाही जणांना पक्कं ठाऊक, आणि पाहिलेलं एकानेही नाही. लाइन टेकडीपलीकडे गेलेली, शेवटचे चार टॉवर इथून दिसतही नव्हते. वादळाचा फोन बंद. काकांनी दोघांना टेकडीपलीकडे पिटाळलं आणि ड्रायव्हरला शहरातले दातांचे दवाखाने पालथे घालायला धाडलं.

काका उगाच ताणत नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी असाच एक बिल्ला राहिला होता, त्यांच्या मेहुण्याचा, बायकोच्या पाठच्या भावाचा. "उतरलाय तो, चहाला गेलाय," असं कोणीतरी बोललं. बिचाऱ्याला परत हेलपाटा कशाला, म्हणून काकांनी आपल्या हाताने बिल्ला काढला आणि फोन केला. मेहुणा वरच होता. बायको त्यानंतर वर्षभर काकांशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. हा नियम तेव्हाचा.

आणि आज तीच बायको ऑक्सिजनच्या मशीनवर, चौथ्या मजल्यावर, ह्याच लाइनच्या भरवशावर. तीनला वीज येणार म्हणून पाचपर्यंत पुरेल एवढा सिलिंडर काकांनी स्वतः लावून दिला होता.

चार वाजता सुनेचा फोन आला. "बाबा, लाइट कधी येणार? काटा पाववर आलाय."

"दुसरा सिलिंडर?"

"भरायला दिलाय, तिथेही लाइट नाही. लिफ्ट बंद, आईंना खाली तरी कशी नेऊ?"

"येईल गं. धीर धर," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचा धीर सुटत चालला होता.

सबस्टेशनचे साहेब दर दहा मिनिटांनी फोनवर तडकत होते. "अहो, एका दाढेपायी सगळं शहर अंधारात ठेवणार का?" काका म्हणत, "माणूस आला की सांगतो, साहेब." टेकडीपलीकडून निरोप आला, आठव्या टॉवरखाली वादळाची पिशवी पडलीय, माणूस कुठे दिसत नाही. झाडीही दाट आहे, टॉवरच्या वरचं नीट दिसत नाही.

"काका, घरचा तरी विचार करा," सगळ्यात जुना लाइनमन कळवळून म्हणाला. "मी काढतो बिल्ला. माझ्या माथी." त्याने हात पुढे केलाही.

"हात तोडून ठेवीन!" काका गरजले. मग ते स्वतःच फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात खिशात कोंबले. सुनेचा पुन्हा फोन आला नव्हता. साडेचार झाले, पावणेपाच झाले. काकांनी लावला तर उचलत नव्हतं कोणी.

पाचला दहा कमी असताना जीप धुरळा उडवत आली. गालात कापूस कोंबलेला वादळ उडी मारून उतरला आणि धावत जाऊन त्याने बिल्ला काढला. "आफ अआ, आका," एवढंच त्याच्या बधिर तोंडातून निघालं. त्याच्या कानाखाली वाजवायला काकांचा हात शिवशिवत होता, पण त्याच हाताने त्यांनी आधी फोन लावला.

घरी पोचले तेव्हा लिफ्ट चालू होती. सुनेने दार उघडलं, डोळे लालभडक. आत मशीन घरघरत होतं, आणि बायको उशांना टेकून बसली होती.

"कुणाचा राहिला होता?" तिने विचारलं.

काका दारातच थबकले. "वादळाचा. दाढ काढायला जाऊन बसला होता, गाढव."

"म्हणजे धडधाकट आहे."

"एक दाढ कमी."

ती हसली, हसता हसता खोकली. काका सुनेकडे वळले. "चारनंतर फोन का नाही केलास? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"मी करतच होते," सून फणकारली. "आईंनी हातातून हिसकावून घेतला, उशीखाली घालून वर बसल्या."

"मग काय करू?" बायको धापा टाकत म्हणाली. "काटा तळाला गेलाय असं ही सांगणार, आणि तुमचा हात जाणार फळ्याकडे. मी ओळखते तुम्हाला."

"अगं, पण तो वर नव्हताच."

"ते तुम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं?" ती म्हणाली, आणि तिने काकांचा उजवा हात, एकोणीस वर्षांपूर्वीचा तोच हात, ओढून आपल्या मांडीवर घेतला.