झेननचे फास आणि स्लाव्काचा कुत्रा

माझ्या बायकोचं आणि तिच्या भावाचं पटत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला खोट्यात काढीन. त्यांचं फार पटतं, म्हणूनच ती दोघं इतकी भांडतात. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याच्याशी कोण कशाला महिनोन्महिने अबोला धरील?

मेहुण्याचं नाव झेनन. आमच्या मेंढ्यांच्या कुरणाला लागूनच त्याचं शेत, मध्ये एक कुंपण आणि पॉप्लरच्या रानाची पट्टी. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो. हिवाळा तोंडावर आला की आसपासचे सगळे त्याला फोन करतात, कारण कायोटींसाठी फास लावावेत ते त्यानेच. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ आणि दोघांहून लबाड. बंदुकीचा एक बार ऐकला की काही दिवस दिसत नाहीत, आणि सगळं विसरून तुम्ही निवांत झालात की एका सकाळी कुरणात मेंढीचं फाडलेलं पोट दिसतं.

फास लावणं बघायला सोपं आहे. झेनन कुंपणाच्या कडेकडेने चालतो आणि खालची काटेरी तार जिथे वाकली असेल, तिला करडे केस अडकले असतील, तिथे थांबतो. ती त्यांची येण्याजाण्याची जागा. तिथे बारीक पोलादी तारेचा फास टांगायचा, डोकं आत जाईल पण खांदे जाणार नाहीत एवढा. रानातल्या पायवाटेवर लावायचा असेल तर त्याच्या वर एक आडवी फांदी बांधायची, म्हणजे हरीण उडी मारून निघून जातं आणि कायोटी खालून शिरतो. नव्या तारा तो आधी स्प्रूसच्या सालीबरोबर उकळून घेतो, त्याने चकाकी जाते आणि माणसाचा वासही जातो. उकळतो तेही स्वयंपाकाच्याच पातेल्यात, त्यामुळे त्या दिवसांत त्याच्याकडच्या चहाला झाडाची चव असते. मी बिचारा न बोलता पितो.

फासाचा गुण असा की जनावर जितकं ओढेल तितका तो आवळत जातो आणि सैल काही होत नाही. कायोटी जीव खाऊन ओढतो आणि संपतो. म्हणून आमच्याकडे जुनी रीत आहे. पिल्लू दूध सोडून खायला लागलं की त्याला अंगणात दोरीने बांधायचं. ते केकाटतं, हिसके देतं, आणि शेवटी शिकतं की गळ्याशी आवळलं की गप खाली बसावं. असा कुत्रा चुकून फासात सापडला तरी माणूस येईपर्यंत बसून राहतो. न शिकलेला कुत्रा कायोटीसारखाच मरतो.

आमचा बुरको शिकलेला नव्हता. तो आला तेव्हा गारठून अर्धमेला झालेला मुठीएवढा गोळा होता. स्लाव्काने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला शेगडीमागे ठेवून कोकरांच्या बाटलीने दूध पाजून जगवलं. आमची मुलं शहरात गेली होती आणि तिच्या मायेला घरात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी होतो, पण मला बाटलीने पाजायची सोय नव्हती. तिने जाहीरच करून टाकलं की बुरकोच्या गळ्याला दोरी लागणार नाही.

उन्हाळ्यात एकदा झेनन हातात दोरी घेऊनच अंगणात आला. म्हणाला, लाड करकरून तू हा कुत्रा मारणार आहेस. ती म्हणाली, स्वतःच्या घरात मुंगी पाळली नाहीस कधी आणि मला शिकवतोस. मग दोघांनी लहानपणापासूनचं सगळं बाहेर काढलं. शेवटी तिने सांगितलं, दोरी टाकून देशील त्या दिवशी अंगणात पाऊल टाक, तोवर टाकू नकोस. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही धडधाकट होता. झेनन टोपी घालून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. रविवारी चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसायची. बिटाच्या सुपाची बरणी मात्र दर आठवड्याला माझ्या हातून त्याच्याकडे जायची, "मी दिली म्हणून सांगू नकोस" या निरोपासकट. तोही जणू मीच सूप करतो अशा थाटात मला मीठ कमी पडल्याचं सांगायचा.

पानगळीत कायोटींनी आमच्या चांगल्या मेंढ्या नेल्या तेव्हा मी झेननला फोन केला. स्लाव्का तयार झाली, पण एका अटीवर. फास लावायचे ते तळ्यापलीकडच्या कुंपणाला, तिकडे बुरको जात नाही. बुरको आळशी. दुपारी कुठेतरी फेरी मारून यायचा तेवढीच त्याची मेहनत. झेननने अट माझ्यामार्फत ऐकली, माझ्यामार्फत मान्य केली आणि फास लावले.

पहिला मोठा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी बुरको दिसेना. रात्री तो गवताच्या कोठारात झोपतो, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कोठार रिकामं होतं आणि भांड्यातलं खाणं गोठून गेलं होतं. स्लाव्काने दारात उभं राहून हाका मारल्या. मग ती माझ्याकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "त्याला फोन कर."

मी बूट घालेपर्यंत झेननची गाडी अंगणात आली होती. तो उतरला तशी स्लाव्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या फासात माझा बुरको मेलेला निघाला ना, झेनन, तर मला भाऊ नव्हताच असं मी समजेन."

त्याने गाडीतून तार कापायची पक्कड काढली आणि चालू लागला.

तळ्यापलीकडे आम्हाला बर्फात माग लागला. बर्फ पडला की फास त्यात बुडतात, ते वर घ्यायला झेनन आदल्या दुपारी येऊन गेला होता. त्याच्या बुटांचे ठसे कुंपणाच्या कडेने गेले होते आणि ठशावर ठसा ठेवत कुत्र्याचे पंजे. तो जिथे थांबला होता तिथे कुत्राही थांबला होता. ते मी पाहिलं आणि झेननने माझ्या आधी पाहिलं. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला आहे, तरी तो पळायला लागला.

पहिले फास रिकामे होते. त्यापुढच्यात एक कायोटी होता, लाकडासारखा कडक झालेला. भोवतालचा बर्फ खालच्या मातीपर्यंत उकरलेला, खांब कुरतडलेला. स्लाव्काने तोंड फिरवलं आणि माझी बाही घट्ट धरली. माझ्या मनात तेव्हा कुत्रा कमी आणि त्या दोघांचं पुढे काय होणार हेच जास्त होतं.

कुंपण रानाकडे वळतं त्या कोपऱ्यावर बुरको बसला होता. अगदी सरळ, शहाण्यासारखा. पाठीवर हिमकण, गळ्यात तार. त्याच्याभोवतीचा बर्फ जसाच्या तसा होता, एक ओरखडा नाही. आम्हाला पाहून त्याने शेपटीने बर्फ झाडायला सुरुवात केली. स्लाव्का पुढे धावणार तोच झेननने तिला दंडाला धरून मागे खेचलं.

"जाऊ नकोस. तुला बघून तो झेप घेईल आणि आवळला जाईल." मग तो कुत्र्याला म्हणाला, "बस, बुरको. बस हं, बाळा."

आणि जन्मात कधी कुणाचं न ऐकलेला आमचा कुत्रा बसून राहिला. झेनन गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेला. मी पक्कड मागितली, पण त्याने दिली नाही. तार तुटली आणि बुरको आधी त्याचं तोंड चाटून मग स्लाव्काच्या अंगावर कोसळला.

पोटभर रडून झाल्यावर तिने वर पाहिलं. "याला बसायला कुणी शिकवलं?"

झेनन बर्फातच बसला होता. "मी," तो म्हणाला. भांडण झालं त्या आठवड्यापासून तो दुपारी तळ्यापलीकडे येत होता. खिशात सॉसेजचे तुकडे असायचे. एक तुकडा द्यायचा, गळ्यात दोरी घालायची, थोडा वेळ बसवायचं, पुन्हा एक तुकडा. "फास लावले तसं मी यायचं बंद केलं, तो इकडे येऊ नये म्हणून. तर हा मला शोधत आला. माझ्याच वासावर आला. तू भीत होतीस तेच झालं असतं गं, मीच मारला असता त्याला. आज सगळे फास काढून टाकतो."

आता वीज कडाडणार म्हणून मी तयारीत राहिलो. स्लाव्का कुत्र्याच्या मानेवर हात फिरवत राहिली.

"रोज येत होतास?"

"रविवार सोडून."

"इथवर? आमच्या कुंपणापर्यंत? मग घरी यायला काय झालं होतं तुला?"

"तू नको म्हणाली होतीस ना," झेनन म्हणाला. सत्तरीला आलेला माणूस, पण आवाज शाळेतल्या पोराचा. मग खाली बघत म्हणाला, "घरी दिवसभर बोलायला कुणी नसतं, स्लाव्का. हा निदान ऐकून घ्यायचा."

बरण्या पोचवताना मी दर आठवड्याला त्याच्या समोर बसत होतो आणि मिठावरून चेष्टा करत होतो, पण हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

स्लाव्का उठली. तिने नाक पुसलं. फास काढायचे नाहीत म्हणाली, उरलेल्या मेंढ्या जगवायच्या आहेत. मग तिने डोक्याचा लोकरी रुमाल सोडला, त्याचा पीळ करून बुरकोच्या गळ्यातून घेतला आणि गाठ मारली. गळ्याला लागताच बुरको गप खाली बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आणि रुमालाचं दुसरं टोक तिने भावाच्या हातात दिलं.

"तूच आण त्याला घरी," ती म्हणाली. "उद्याही दोरी घेऊन ये. पण पुढच्या दाराने."