वाळूत रुतलेली खुर्ची

दचकू नका, मी चाकांची खुर्ची बोलतेय. दवाखान्यात, रेल्वे स्टेशनवर, कुणाच्या तरी दाराआड घडी घालून ठेवलेली मला तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं असेल आणि लगेच नजर वळवली असेल. माझ्याकडे हौसेने कुणीच बघत नाही. दिवाळीत माझ्यावर सूट लागली तरी उगाच घेऊन ठेवावी असं कुणाला वाटत नाही. मी ज्या घरात येते, त्या घरातलं काहीतरी आधीच गेलेलं असतं.

मी जन्मले एका साध्या कारखान्यात. लोखंडी नळ्या वाकवल्या, वर निळं रेक्झिन ताणलं, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन लहान चाकं बसवली. मग स्वारगेटजवळच्या एका दुकानात बरेच महिने मी छताला टांगलेली होते. वरून रस्ता दिसायचा. बस पकडायला पळणारे लोक बघून मला वाटायचं, ह्यांच्यापैकी कुणाशीच माझी गाठ पडू नये.

पण गाठ पडतेच. पहिले आले रंगराव. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. जितके दिवस माझ्यावर बसले तितके दिवस माझ्यावर चिडलेलेच होते. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी मला असं ढकललं, जसं काही मीच त्यांचा पाय मोडला होता. त्यांच्या मुलाने मला कसबा पेठेतल्या एका मंडळाला देऊन टाकलं. हे मंडळ गरजूंना आजारपणाचं सामान वापरायला देतं. तिथल्या खोलीत कुबड्या, वॉकर आणि वाकलेले सलाइनचे स्टँड ह्यांच्या संगतीत मी धूळ खात पडले.

एका सकाळी श्रीधरराव आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी माझे ब्रेक तपासले, चाकं फिरवून पाहिली आणि रुमालाने माझी बैठक पुसली. पुसताना त्यांचा हात मधेच थांबला. 

घर जवळच होतं, पेठेतल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. पलंगावर उल्काताई बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रंग तरी बरा बघून आणायचा, अहो. सरकारी कचेरीतली वाटतेय."

"हीच एक चांगल्या अवस्थेत होती."

"मग आमची जोडी जमणार नाही," त्या म्हणाल्या आणि हाताने पलंगाची कड धरून माझ्यावर येऊन बसल्या.

मी चकित झाले. माझ्यावर बसणारं माणूस बहुधा पोत्यासारखं येऊन पडतं. ह्या बाईंच्या खांद्यांत आणि दंडांत केवढी ताकद होती! नंतर कळलं, की त्यांनी उभा जन्म पोहायला शिकवण्यात घालवला होता. पेठेतल्या कितीतरी मुली, बायका, अगदी साठीच्या आज्यासुद्धा त्यांच्या शिट्टीवर पाण्यात उतरल्या होत्या. आणि आता मज्जातंतूंचा आजार जडला होता. तो पायांपासून सुरू झाला होता. तो वर चढेल, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मोठ्या चाकांबाहेरची, हाताने ढकलायची गोल कडी दोन्ही हातांनी धरली आणि मला सुसाट सोडलं. आम्ही दोघी थेट फ्रिजवर आदळलो. श्रीधरराव धावत आले.

"अगं, मी ढकलतो ना!"

"तुम्ही पेपर वाचा."

पण लिफ्टने उतरून बाहेर पडलं की ढकलणारे तेच असायचे, आणि तिथे मला माणसांची एक खोड कळली. खुर्चीत बसलेल्याशी कुणी बोलत नाही. सगळे खुर्चीमागे उभ्या असलेल्याशी बोलतात. मिठाईच्या दुकानातला माणूस श्रीधररावांना विचारायचा, "यांना साखर चालते का?"

उल्काताई खालून म्हणायच्या, "यांना कानही चालतात."

श्रीधरराव वाईट माणूस नव्हते. पण सगळं आपणच ठरवायची त्यांना सवय होती. आज कुठला दवाखाना, कुठली भाजी, खिडकी किती उघडायची, सगळं तेच ठरवायचे. त्यात माया होती, म्हणून भांडताही यायचं नाही.

एकदा टीव्हीवर समुद्रात पोहण्याची शर्यत चालू होती. उल्काताई एकटक बघत होत्या. मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मीही नाव दिलं होतं एका वर्षी. त्याच आठवड्यात आपलं लग्न ठरलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी जा."

 रात्रभर श्रीधररावांना ते लागून राहिलं असावं. सकाळी त्यांनी उल्काताईंच्या भाचीला, तनयाला फोन लावला. ती नोकरीसाठी मुंबईत जुहूला राहते. दोन दिवसांत सगळं ठरलं. शेजारचा उजैर आपली गाडी घेऊन येणार होता. तो टुरिस्ट गाडी चालवतो आणि उल्काताईंना काकू म्हणतो. त्याच्या बायकोला, शबनमला, त्यांनीच पोहायला शिकवलं होतं.

"जुहूला जायचंय," श्रीधररावांनी जाहीर केलं. "मी सगळं बघून ठेवलंय. तिथे बघण्यासारखं खूप आहे."

"मला समुद्र बघायचाय."

"तो काय, आहेच."

माझी घडी घालून मला डिकीत टाकलं. घाट आला तो मला फक्त वळणांवर इकडून तिकडे घसरताना कळला. जुहूला डिकी उघडली तेव्हा हवा वेगळीच होती. ओलसर, खारट. उल्काताईंनी डोळे मिटून ती आत ओढली.

"आधी देऊळ," श्रीधरराव मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

देवळाला पायऱ्या होत्या. दुसरीकडून वाट असेल म्हणून आम्ही वळसा घातला, तर तिथे चपलांचे ढीग आणि बंद दार. श्रीधरराव आत जाऊन दोघांच्या वतीने नमस्कार करून आले आणि त्यांनी प्रसाद उल्काताईंच्या हातावर ठेवला.

मग फुटपाथ. त्यावर मोटारसायकली चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले. मोटारसायकली कुठूनतरी चढलेल्याच होत्या, अडकले ते आम्ही. रस्त्यावर उतरलो तर मागून हॉर्न. तनया पुढे चालत होती आणि दर मिनिटाला म्हणत होती, "सॉरी मावशी. मी रोज इथून जाते, पण माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

मग एका मोठ्या नटाच्या बंगल्यासमोर श्रीधररावांनी मला थांबवलं. फाटक बंद होतं. पन्नासेक माणसं मोबाइल वर धरून त्या फाटकाकडे टक लावून उभी होती.

"पुण्यात काय बंद फाटकं कमी आहेत?" उल्काताई म्हणाल्या. "अहो, समुद्र."

"आता ऊन आहे. संध्याकाळी सूर्यास्त बघू. तोवर तनया म्हणतेय ते कॅफे..."

कॅफे पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. तनयाने कॉफी खाली आणली. फुटपाथच्या कडेला, जाणाऱ्यांच्या पायांत, उल्काताईंनी ती प्यायली. दोन इमारतींच्या मधल्या फटीतून समुद्राची एक चमकती चीर दिसत होती. त्या फक्त तिकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांची माझ्या कड्यांवरची पकड घट्ट होत गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की श्रीधरराव समुद्र टाळत होते. त्यांनी देवळं, बंगले आणि कॉफी समुद्राच्या आड रचून ठेवली होती. किनाऱ्यावर पोचल्यावर बायको काय मागेल, ह्याची त्यांना भीती वाटत होती.

शेवटी ऊन कललं आणि आम्ही चौपाटीवर आलो. भेळेच्या गाड्या, बर्फाचे गोळे, पतंग उडवणारी मुलं, वाळूत चटया टाकून बसलेली कुटुंबं, डोक्यावरून समुद्राकडे झेपावणारी विमानं. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे समुद्र. उल्काताईंनी हातातला पदर सोडला. वाऱ्याने तो उडाला तरी त्यांनी सावरला नाही.

फरसबंदी संपली आणि वाळू लागली. माझी पुढची चाकं पहिल्याच हातभरात रुतली. श्रीधररावांनी जोर लावला तशी मी आणखी खाली गेले. मग उजैरने मला उलटं वळवलं. तो आणि श्रीधरराव मला मागे मागे ओढू लागले. उल्काताईंची पाठ समुद्राकडे आणि तोंड गाड्यांकडे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी त्या थांबल्या होत्या, त्याच्याकडे त्या पाठमोऱ्या चालल्या होत्या.

किनाऱ्याच्या मध्यावर मी पुरती अडकले. वाळू माझ्या आसापर्यंत आली. मला पुढे जायचं होतं हो! पण चाक फिरायला खाली काहीतरी कठीण लागतं. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं उचला, कुणी म्हणालं आजींना इथेच बसू द्या, इथूनही छान दिसतं. दोघा-तिघांनी मोबाइल काढले.

"कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जायचं सोडून इथे कशाला आलात सगळे?" उल्काताई कडाडल्या. "तिथे वाघही आहे."

मोबाइल खाली झाले. श्रीधरराव घामाने निथळत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मग ते एकदम फुटले.

"सकाळपासून मी धडपडतोय! तुला एकही गोष्ट धड वाटत नाही. काय हवंय तरी काय तुला?"

उल्काताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अगदी शांत होता.

"मला खाली ठेवा."

"कुठे?"

"वाळूत. पुढे माझी मी जाईन."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. उजैर, धर रे मला."

उजैरने श्रीधररावांकडे पाहिलं. श्रीधररावांनी तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. उजैरने काकूंना अलगद खाली ठेवलं. आणि उल्काताई निघाल्या. कोपरं वाळूत रोवायची, अंग पुढे खेचायचं, पुन्हा कोपरं रोवायची. पाय मागून ओढल्यासारखे येत होते. साडी वाळूने भरली, केस सुटले. मी मागे राहिले, रिकामी, तिरकी, अर्धी वाळूत. त्यांच्या कामी येण्यासाठीच मला घडवलं होतं, आणि त्या क्षणी मी एखाद्या गंजक्या डब्याइतकीही उपयोगाची नव्हते.

श्रीधररावांनी माझ्या पाठीमागच्या मुठी सोडल्या. मग त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चालू लागले. ते पुढे गेले नाहीत, त्यांनी हातही दिला नाही. उल्काताईंच्या बाजूने, त्यांच्याच चालीने चालत राहिले.

ओहोटी होती. उल्काताई जेवढ्या पुढे जात, पाणी तेवढं मागे सरत होतं. त्या ओल्या वाळूपर्यंत पोचल्या तोच लाल-पिवळा शर्ट घातलेला जीवरक्षक शिट्टी वाजवत धावत आला. त्याने अर्थातच श्रीधररावांना विचारलं, "काका, यांना कुठे नेताय?"

"मी नेत नाहीये," श्रीधरराव म्हणाले. "त्यांना विचारा."

त्यांचं हे बोलणं वाऱ्याने माझ्यापर्यंत आणलं. उल्काताई जीवरक्षकाशी काय बोलल्या ते मात्र ऐकू आलं नाही. तो आधी मान हलवत होता, मग त्याने मागे वळून समुद्राकडे पाहिलं आणि तो त्यांच्या पुढ्यात पाण्यात उभा राहिला. एक लाट आली. उल्काताईंच्या कमरेपर्यंत पाणी चढलं आणि त्यांचे पाय हलले. पाण्याने हलवले, पण हलले. दुसरी लाट परतताना त्यांना खेचू लागली, तसं जीवरक्षकाने त्यांना काखेत धरून मागे आणलं. संपलं. एवढाच समुद्र त्यांच्या वाट्याला आला.

चौघांनी त्यांना उचलून माझ्यावर आणून बसवलं. त्या भिजलेल्या होत्या, थरथरत होत्या. तनया रडत होती.

"रडतेस काय?" उल्काताई म्हणाल्या. "पाणी बरं होतं. थोडं घाण होतं."

परतीच्या वाटेवर त्या झोपल्या. डिकीत माझ्या अंगावरून खारं पाणी ठिबकत होतं.

ह्याला आता वर्ष होईल. त्या खाऱ्या पाण्याने माझ्या चाकांत गंज धरला. पेठेतल्या सायकलवाल्याने दोनदा खोलून साफ केलं, पण पुढचं एक चाक कुरकुरतंच. ते चालण्यासारखं आहे. न चालण्यासारखं दुसरंच आहे, आणि ते आधी मला कळलं.

जुहूहून आल्यावर काही महिन्यांनी उल्काताईंच्या हातांचं वजन बदललं. माझी कडी त्या धरायच्या, पण पकड पूर्वीची नव्हती. आधी वाटलं, थकवा असेल. मग एकदा खोलीच्या उंबऱ्यावर त्या अडल्या, जिथे कधीच अडत नव्हत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. दात दाबून त्यांनी पुन्हा जोर लावला, पुन्हा, आणि पलीकडे गेल्यावर मोठ्याने म्हणाल्या, "अहो, चहा झालाय का?" आजार हातांपर्यंत चढला होता. डॉक्टर म्हणाले, तो चढणारच होता, समुद्राचा ह्यात काही दोष नाही. पण ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं आणि सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

आता रोज सकाळी त्या पलंगावरून माझ्यावर येतात. येतात म्हणजे श्रीधरराव आणतात. मग त्या कड्यांवर हात ठेवतात आणि म्हणतात, "सोडा, मी जाते गॅलरीत." श्रीधरराव म्हणतात, "जा." आणि मी चालू लागते.

पण कड्यांवरच्या त्या हातांत आता जोर नाही. ते नुसते फिरणाऱ्या कड्यांबरोबर फिरतात. जोर मागून येतो. श्रीधरराव माझ्या मुठीला एकच बोट लावून, आवाज न करता, अनवाणी पायांनी मागून येत असतात. बायकोला कळू नये म्हणून ते श्वासही जपून घेतात. गॅलरीपाशी पोचलं की बोट काढून दोन पावलं मागे सरतात आणि म्हणतात, "पोचलीस का?"

उल्काताई म्हणतात, "पोचले."

त्यांना ते बोट जाणवत नसेल असं मला वाटत नाही. जिने आयुष्यभर पाण्यात दुसऱ्याच्या पाठीखाली हात ठेवून पोहायला शिकवलं, तिला एवढं कळत नसेल? पण त्या वळून बघत नाहीत. दोघं एकमेकांपासून लपवतात आणि दोघांचं लपवणं माझ्या अंगावरून जातं. मी मधे. मला ना ह्यांना सांगता येत, ना त्यांना.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. कधी कसबा पेठेत आलात, तिसऱ्या मजल्यावर ह्यांच्याकडे चहाला गेलात, तर निघताना माझ्या पुढच्या चाकात दोन थेंब तेल सोडा. माझी कुरकुर थांबली आणि मी आणखी हलकी झाले, तर ते एक बोट आणखी काही दिवस पुरेल.