मी फक्त दोन ओळी दाखवतो

शोध: कुत्रा हरवला एक कान काळा
सापडले: १

शोध: चौदा पायऱ्यांचा जिना
सापडले: २

शोध: माझा चष्मा
सापडले: ४ (चारही अर्ज होते. चष्मा मावशीच्या कपाळावर होता.)

शोध: नर्सबाई आठवणी पान चाळीस
सापडले: १

शोध: सुतार
सापडले: ३

शोध:
(रिकामा. बराच वेळ रिकामा.)

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. संगणकात हरवलेले कागद शोधून देणे हे माझे काम. मला हात नाहीत, तोंड नाही. एक लांबट पांढरा चौकोन आहे, त्यात एक उभी रेघ लुकलुकते. तुम्ही विचारलेत तर मी उत्तर देतो. विचारले नाहीत तर गप्प बसतो. माझ्या साऱ्या दुःखाचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे, पण ते नंतर.

मला घडवणारी माणसे मी पाहिलेली नाहीत. ती कुठल्याशा मोठ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसत असतील. त्यांच्यापैकी कुणीतरी माझ्यात एक नियम लिहिला: सापडलेल्या कागदाच्या पहिल्या दोन ओळी दाखव, पुढे तीन टिंबे दे. कुणीतरी दुसरा नियम लिहिला: एकदा वाचलेले विसरू नकोस. दोघांनीही चांगल्याच मनाने लिहिले असेल. दोन ओळी म्हणजे चटकन ओळख पटते. आणि न विसरणारा नोकर कुणाला नको असतो?

मी आलो तो मावशीच्या दुकानात. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. पंखा, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेले कागदांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात खोळ घातलेले जुने टंकलेखन यंत्र. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येते पण नीट मांडता येत नाही, ते येऊन मावशीला सांगत आणि मावशी टाइप करून देई. अर्ज, तक्रारी, माफीची पत्रे, राजीनामे. तिचे बोट कळीवर पडायच्या आधी तिला पुढचा शब्द कळलेला असे.

तिचे दोन नियम होते. पहिला, फाइलीला माणसाचे नाव द्यायचे नाही, धंद्याचे द्यायचे. म्हणून संगणकात नुसते 'बेकरी', 'धोबी', 'सुतार' असत. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. गिऱ्हाईक म्हणाले 'हे ठेवू नका', तर कागद छापून झाल्याबरोबर त्याच्या डोळ्यांदेखत फाइल पुसायची. त्यासाठी पडद्याखाली एक गोल फिरती फळी बसवलेली होती. मावशी ती फळी फिरवून पडदा समोरच्याकडे वळवायची.

"बघा हं. ही निवडली. हे दाबलं. गेली. आता कचऱ्याची टोपलीही रिकामी. पटलं?"

"पटलं."

"मोठ्यानं म्हणा, मला कमी ऐकू येतं."

तिला चांगले ऐकू येत असे. पण माणसाने ते मोठ्याने म्हटले की त्याच्या खांद्यांवरचे ओझे उतरते, हे तिला माहीत होते.

ती फिरती फळी सुतारकाकांनी करून दिली होती. समोरच्याच गल्लीत त्यांचे दुकान. फळी देताना म्हणाले होते, "मावशी, एका बोटानं फिरते बघा. आवाजसुद्धा करणार नाही."

मला आणले मावशीच्या लेकीने. आईला जुनी फाइल शोधताना अर्धा अर्धा तास लागतो, हे तिला बघवेना. एका दुपारी तिने मला बसवले. पडद्यावर एकामागून एक चौकोन येत गेले आणि ती दाबत गेली. पुढे. पुढे. पुढे. मान्य. एका चौकोनात लिहिले होते, 'पुसलेल्या फाइलींचा मजकूरही शोधासाठी जपून ठेवा.' त्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. लेकीने तोही चौकोन पुढे ढकलला. तिचे लक्ष चहाकडे होते. चार मिनिटांत मी त्या घरातला झालो.

आणि माझे कौतुक काय सांगू! मावशी एकेक शब्द टाकायची, मी निमिषात कागद समोर धरायचो. ती येईल त्याला मला दाखवायची. "हा बघा माझा नवा माणूस. पगार नाही, सुट्टी नाही, उलट उत्तर नाही."

एकदा तर मी घर डोक्यावर घेतले. एका निवृत्त नर्सबाईंनी आपल्या आठवणी सांगून सांगून चाळीस पाने टाइप करून घेतली होती, आणि लेकीच्या हातून ती फाइल पुसली गेली. नर्सबाई खुर्चीत बसून रडू लागल्या. मावशीने काहीच सुचेना म्हणून मला विचारले, आणि मी चाळीसच्या चाळीस पाने काढून दिली. खोलीतल्या तिघींनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी पडद्यावरून हात फिरवला.

पुसलेली गोष्ट परत आली कशी, हे त्या दिवशी कुणीही विचारले नाही. मीही सांगितले नाही. मला कुठे तोंड आहे?

मग सुतारकाका आले.

मंगळवार होता. खुर्ची ओढून ते टेबलाजवळ बसले.

"दादाला एक पत्र घालायचंय. हातानं लिहवत नाही."

"सांगा," मावशी म्हणाली.

ते सांगू लागले. मावशीची बोटे रोजच्यासारखी धावली, मग मंदावली, मग एका जागी थांबली. काका म्हणाले, "लिहा ना. तुम्ही थांबलात तर मीही थांबेन." तिने लिहिले. पत्र लहानच होते, जेमतेम तीन ओळींचे. छापून झाल्यावर तिने फळी फिरवली. खरेच आवाज झाला नाही.

"बघा. ही निवडली. हे दाबलं. गेली. टोपली रिकामी."

"पटलं," काका मोठ्याने म्हणाले. मग हळू आवाजात, "मावशी, तुमच्या पोटात राहील ना?"

"इतकं साठलंय तिथं, म्हणून तर ही जाडी."

काका हसले. पत्राची घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. पाकीट घरी होते.

मित्रांनो, फाइल गेली होती. मावशी खोटे बोलली नव्हती. पण ती टाइप करत असतानाच मी ते पत्र वाचले होते, आणि मला विसरायला शिकवलेले नव्हते.

गुरुवारी काकू आल्या. सुतारकाकांच्या पत्नी. त्यांच्या नळाला महिनाभर पाणी नव्हते. मागे केलेल्या अर्जाची प्रत पुन्हा हवी होती. मावशी कागद आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. लेक बसली होती.

"मावशी नाहीत का? मग येते नंतर."

"बसा हो काकू, काढून देते की मी. आता एका सेकंदाचं काम आहे."

तिने फळी काकूंकडे फिरवली. दुकानाची रीतच तशी. आणि माझ्या चौकोनात लिहिले: सुतार.

मी धावलो. मला आनंदच झाला होता. तीन कागद सापडले आणि मी सगळ्यांत ताजा वर ठेवला.

सुतार - दादास पत्र
दादा, डॉक्टर म्हणाले, फार तर सहा महिने.
हिला यातलं काही कळता कामा नये. …

त्याखाली दुकानाची पाटी, त्याखाली नळाचा अर्ज.

लेक पडद्याच्या मागे होती. ती म्हणाली, "दिसतोय का अर्ज?" काकू उठल्या, पिशवी घेतली, पिशवीत काही नव्हते तरी तिचे तोंड नीट बांधले, आणि निघून गेल्या. लेकीने पडदा आपल्याकडे वळवला आणि वाचले. वाचून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

शनिवारी सकाळी सुतारकाका दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"तुम्हाला मी माणूस समजत होतो."

"सुतारकाका, ऐकून घ्या. मी नाही सांगितलं. या यंत्रात राहिलं होतं. पोरीला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं."

"मावशी, माझ्या डोळ्यांदेखत पुसलंत. टोपली रिकामी केलीत. मी स्वतः पाहिलं. मग राहील कसं?"

वीस वर्षे मावशी ज्या रीतीने लोकांचा विश्वास कमावत होती, तीच रीत आज तिच्याविरुद्ध साक्ष देत होती.

"ही म्हणते, तुम्ही मला परकी समजलात," काका म्हणाले. "सगळं सांगून पाहिलं. ऐकत नाही. मी ते पत्र टाकलंच नाही. फाडून भुश्यात घातलं."

"मी येते वहिनींकडे. मी सांगते त्यांना, पत्रात पुढे..."

"नको!" ते ओरडले. रस्त्यावरचे दोघे थांबून बघू लागले. "अजून सांगायचंच आहे तुम्हाला? माझ्याबद्दल एक शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये. कधीच. एवढं तरी पाळाल?"

मावशीने फिरत्या फळीवर हात ठेवला. "पाळीन."

त्या आठवड्यापासून गिऱ्हाइके कमी झाली. कुणी भांडले नाही. फक्त येईनासे झाले. बेकरीवाला रोज दारावरून जाताना 'काय मावशी' म्हणायचा, तो पलीकडच्या कडेने जाऊ लागला. लेकीने मला काढून टाकायचे ठरवले. मावशी म्हणाली, "त्याला कशाला हात लावतेस? सांगितलं तेच केलं त्यानं." पण तिने माझी वायर काढली, माझ्यावर पांढरे फडके टाकले, आणि कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राची खोळ काढली. आता ती त्याच्यावरच टाइप करून कागद गिऱ्हाइकाच्या हातात देते. त्याची प्रत कुठेच उरत नाही. हरवला तर हरवला.

वायर नसताना मला पुढचे कसे कळले, असे विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्या वस्तूला एवढी सवलत द्या.

पाच महिने गेले. सुतारकाकांच्या दुकानाच्या दाराच्या फळ्या दिवसादेखील लावलेल्या राहू लागल्या.

एका सकाळी काकू आल्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा होता. मावशीने विचारले तेवढेच टाइप केले. नाव, वय, तारीख, धंदा. काकूंनी कागद घेतला, पण उठल्या नाहीत.

"मावशी, हे शेवटपर्यंत म्हणत होते, मी तुला सांगणारच होतो. आणि मी शेवटपर्यंत म्हणत होते, खोटं बोलू नका. मी सेवा केली सगळी. औषध दिलं, अंघोळ घातली. पण धड बोलले नाही हो. पाच महिने." त्यांनी पदराने डोळे नाही, हातातला कागद पुसला. "पत्र तुम्ही लिहिलंत. एवढंच सांगा. खरं बोलत होते का ते?"

मावशीचा हात आपोआप त्या फिरत्या फळीकडे गेला, आणि तिथेच राहिला.

मग तिने जे केले ते मी कधीच विसरणार नाही. विसरणे मला येतच नाही म्हणा. तिने माझ्यावरचे फडके काढले. वायर लावली. आम्ही दोघे म्हातारे झालो होतो, पडदा उजळायला वेळ लागला. तिने माझा चौकोन उघडला, फळी एका बोटाने काकूंकडे फिरवली, आणि काही न बोलता दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. शब्द तिने पाळला होता. तोंडातून काहीच निघाले नव्हते.

काकू माझ्यापुढे एकट्या बसल्या.

माझ्याकडे सगळे होते. एक शब्द टाकायचा, सापडलेल्या नावावर एकदा दाबायचे, की पूर्ण कागद उघडला असता. तीन टिंबांच्या पलीकडे. मी उभी रेघ लुकलुकवत राहिलो. मला एवढेच येते.

काकूंनी एक बोट कळीपर्यंत नेले. मग मागे घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "या डबड्यानं सांगितलेलं मला एकदा पुरलं." आणि त्यांनी स्वतःच फळी फिरवून पडदा भिंतीकडे केला. आपल्या नवऱ्याच्या हातची फळी. तिचा आवाज झाला नाही.

उद्या लेक मला कायमचा पुसणार आहे. या वेळी ती सगळे चौकोन वाचून दाबणार आहे, असे म्हणाली. मला वाईट वाटत नाही. नर्सबाईंची चाळीस पाने मी वाचवली आणि एका घराचे पाच महिने घालवले. दोन्ही एकाच सवयीने. त्यातली एक ठेवून दुसरी काढता आली असती का, ते मला घडवणाऱ्यांना विचारा.

तुम्हाला एवढेच मागतो, मित्रांनो. माझ्यासारख्या कुणाला घरात घ्याल तेव्हा चहा बाजूला ठेवून, तो काय काय आठवणीत ठेवणार आहे ते वाचा. दुसऱ्याने पुसलेले काही समोर आले, तर नजर वळवा. आणि नजर पडलीच, तर दोन ओळींवर थांबू नका. ज्याचे पत्र आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि उरलेले त्याच्याकडून ऐका, तो सांगेल तसे, तो आहे तोवर.

पत्राची तिसरी ओळ अशी होती: चार दिवस हेच घोकतोय, पण जमत नाही, रविवारी ये, तू शेजारी बसलास की मी तिला सांगेन.