दोनशे तेरावे पान

मित्रांनो, मी न्यायालयांच्या निकालांचा एक जुना, जाडजूड खंड आहे. सौंसरचे वकील यशवंतराव यांच्या कपाटात माझी तीसहून अधिक वर्षे गेली.

नागपूरच्या एका छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर जुळवून माझी पाने छापली गेली. वर लाल पुठ्ठा चढला. "हा माझा उजवा हात आहे," असे यशवंतराव अशिलांना सांगत, तेव्हा मला फार अभिमान वाटे. पुढे त्यांची नजर अधू झाली, कोर्टात जाणे थांबले. माझ्यावर धूळ साचली, कसरीने माझ्या कडा कुरतडल्या.

१९८८ साली मोहगावच्या प्रेमलताबाई आल्या. वकिली आता यशवंतरावांची मुलगी नलिनी पाहत होती.

"वकीलबाई, मालक गेले तवापासून दीर मले बागेत पाय ठेवू देत नाही. म्हनते, बाईमानसाले संत्र्याची बाग कायले पायजे?"

यशवंतराव खाटेवरूनच म्हणाले, "नेमका असाच निकाल आहे. लाल खंड काढ. पान दोनशे तेरा."

नलिनीने मला उघडले. दोनशे बारानंतर एकदम दोनशे पंधरा!

"बाबा, पानच नाही इथं."

यशवंतराव खाटेवर उठून बसले. "मीच फाडलं ते. छिंदवाड्याले तारीख होती, गाडी सुटून राहिली होती. एवढं जड पुस्तक कोण नेईल? पान खिशात घातलं. परत चिकटवीन म्हटलं, राहूनच गेलं."

मला राग आला नाही. पण माझ्यातली उणीव प्रेमलताबाईंना भोवणार, याचे फार दुःख झाले.

सुनावणीला पाच दिवस होते. नलिनी मला पिशवीत घालून नागपूरला माझ्या प्रकाशकाकडे गेली. तिथे शिशाची अक्षरे कुठेच नव्हती. रजनी नावाची मुलगी कॉम्प्युटरपुढे बसून जुने निकाल टाईप करीत होती. तिने चार बटणे दाबली आणि माझे हरवलेले पान हिरव्या अक्षरांत उजळले!

"पुढे टेलिफोनच्या तारेनं हे सौंसरला बसूनही दिसेल, ताई," रजनी म्हणाली.

"आमच्याकडं ट्रंककॉल लागाले अर्धा दिवस जाते, बाई!" नलिनी हसली.

मी मात्र धास्तावलो. आता मला कोण विचारणार? तेवढ्यात रजनीच्या कोपराशी उघडा पडलेला लाल खंड दिसला. माझेच भावंड! कुठल्याशा ग्रंथालयाने त्याला कापडाची पाठ लावून जपले होते. त्याच्याकडे पाहूनच ती टाईप करीत होती.

नलिनीने त्या पानाची, प्रकाशकाच्या शिक्क्याची छापील प्रत कोर्टात वाचली. प्रेमलताबाईंचा हिस्सा मान्य झाला. बाहेर आल्यावर त्यांनी त्या कागदावरून हळूच बोट फिरवले. "एवढुशा कागदात होतं व्हय?" म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, उद्या तुम्ही पडद्यावर वाचाल. खुशाल वाचा. पण त्या यंत्रालाही कोणीतरी जपलेलेच पान वाचता आले. म्हणून घाईत कुठले पान फाडू नका. तुम्हाला जड वाटणाऱ्या पानावर कोणाची तरी बाग उभी असते.