तिसरी ओळ

मी एक जुना पॅच आहे. मित्रांनो, फाटक्या कोपराला ठिगळ लावतात ना, तसे संगणकाच्या प्रोग्रामला लावलेले मी ठिगळ. अंगाने किरकोळ, जेमतेम चार ओळींचा. पण माझी जागा किरकोळ नाही. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी नळीतून थेंब थेंब औषध सोडणारा पंप असतो. त्याच्या आत मी राहतो.

जिने मला लिहिले तिला मी आई म्हणतो. तिची आत्या तेव्हा दवाखान्यात होती. नळी दबली की पंपाचा भोंगा वाजे, नर्स बटण दाबून तो गप्प करी. नळी तशीच दबलेली राहिली, तर थोड्या वेळाने त्याने पुन्हा वाजायला हवे होते. तो वाजतच नसे. आत्या म्हणायची, "अगं, हे बोंबलतं तेव्हा मला झोप नाही, आणि गप्प बसतं तेव्हा तुला!"

त्या पंपाचा प्रोग्राम सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. फक्त दोन जाणत्यांनी वाचून होकार दिल्याशिवाय ती आत घ्यायची नाही. नियम चांगलाच होता. आईने मला पाठवले आणि खाली लिहिले, "वीज जाऊन पंप बॅटरीवर आला तर वेळ मोजणारी तिसरी ओळ चालेल का, हे मला तपासता आलं नाही. माझ्याकडे पंप नाही. कुणी बघाल का?"

बरेच दिवस कुणी फिरकले नाही. मग एक जाणते आले. सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी लिहिले, "पहिल्या ओळीत भोंगा गप्प राहण्याच्या वेळेला दिलेलं 'शांतवेळ' हे नाव खटकतं. 'विराम' करा."

झाले! एरवी तोंड न उघडणारी माणसेही धावून आली.

"विराम म्हणजे पंपच थांबला असं वाटेल हो."

"मग 'मौन' ठेवा."

"पंप आहे की साधू?"

खूप हशा झाला. माझ्या पहिल्या ओळीचे तीनदा बारसे झाले. तिसरीकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. आईचा प्रश्न त्या गलक्याखाली कुठल्या कुठे गेला.

अखेर मास्तर म्हणाले, "नावाचं मिटलं. माझा होकार. बाकीचं दुसरे बघतीलच." दुसऱ्या जाणत्या बाईंनी लिहिले, "मास्तरांच्या नजरेखालून गेलंय म्हणजे चोखच असणार. माझाही होकार." आणि दोन होकार पाहून आईला वाटले, कुणीतरी वीज घालवून बघितले असणार.

कुणीच बघितले नव्हते.

मग माझे कौतुक झाले. मी पंपापंपांत पोहोचलो. भोंगे वेळेवर पुन्हा वाजू लागले. पण पंप बॅटरीवर आला की माझी मोजणी जागच्या जागी थिजते, आणि एकदा गप्प केलेला भोंगा गप्पच राहतो. हे मला ठाऊक आहे. सांगणार कसे? मला तोंड नाही. मला फक्त कुणीतरी वाचू शकते.

आज आत्या पुन्हा दवाखान्यात आहे. उशाशी मी आहे, शेजारी आई बसली आहे. भरदुपारी तिने कूस बदलली, नळी हाताखाली दबली, भोंगा वाजला. नर्सने बटण दाबले. "आलेच हं आजी, पलीकडे जरा घाई आहे," म्हणून ती गेली. तेवढ्यात वरचा पंखा मंद होत होत थांबला.

"वीज गेली वाटतं," आत्या पुटपुटली. "पण हे बघ, कसं शहाण्यासारखं गप्प आहे."

"माझाच पॅच आहे तो, आत्या. काही असलं तर वाजेल. तू झोप."

आईने तिचे पांघरूण सारखे केले. दबलेली नळी त्याखाली झाकली गेली. कितीतरी दिवसांनी आईचाही डोळा लागतो आहे.

मित्रांनो, दुसऱ्याने वाचले असेल असे म्हणू नका. तुम्ही वाचा. नाव राहू द्या, तिसरी ओळ वाचा. थेंब थांबला आहे, आणि खोलीत फार शांतता आहे.