वाळूजच्या उंदराची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. चाळीसहून जास्त वर्षं मी एका मेलेल्या शेतउंदराच्या पायाला बांधलेली आहे आणि आम्ही दोघं स्पिरिटच्या बाटलीत बुडालेलो आहोत. नाकं मुरडू नका.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात छापील चिठ्ठ्या संपल्या होत्या. तिथल्या कडुबा शिपायानं वाळूजला आपल्या बांधावर हा उंदीर पकडला आणि लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापून मला बनवलं. स्पिरिटमध्ये शाई पसरते, म्हणून त्यानं शिसपेन्सिलीनं लिहिलं: 'वाळूज, कडुबाचा बांध'.

पुढं तिथं कारखाने आले, शेत गेलं. आमच्या बाटलीवर धूळ बसली.

मग पुन्हा दुष्काळ पडला, त्या वर्षी सावनी नावाची संशोधक आली. डीएनए म्हणजे पेशीपेशीत लिहिलेला वंशाचा मजकूर. तो ओळीनं वाचून ती उंदरांची वंशावळ मांडत होती. माझा उंदीर मात्र वाळूजच्या आसपासच्या कुठल्याच उंदराशी जुळेना.

तिचे श्रीरंग सर म्हणाले, "चिठ्ठी चुकलीय. पत्रिकेच्या तुकड्यावर कसला भरवसा? हा फर्दापूरच्या डोंगरातला असेल. फेक ती, आणि हा नमुना यादीतून काढ."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मला भयंकर राग आला. माझ्यावरचं गावाचं नाव गेलं असतं, तर एका अख्ख्या वंशाचा पत्ताच पुसला गेला असता.

सावनीनं मला फेकलं नाही. बाटली घेऊन ती वाळूजजवळच्या बजाजनगरला म्हाताऱ्या कडुबाकडं गेली.

"कडुबामामा, हे अक्षर तुमचंच ना?"

"व्हय, माझंच. खोटं लिहून मला काय मिळणार व्हतं? चला, बांध दाखवतो. लई नाय उरला, पण हाय."

एका कंपनीच्या भिंतीमागं, नाल्याकडेला, बांधाची चिंचोळी पट्टी उरली होती. तीन दिवस पिंजरे रिकामेच निघाले. चौथ्या सकाळी एक उंदीर सापडला. सावनीनं त्याच्या कानाचा कणभर तुकडा घेऊन त्याला तिथंच सोडलं. डीएनए वाचला, तर तो आणि माझा उंदीर एकाच फांदीवरचे निघाले! बाकीच्यांपासून हा वंश हजारो वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता.

सरांनी चूक कबूल केली. पण लगेच सुबक छापील चिठ्ठी आणून मला कापायला निघाले.

"तिला हात लावू नगा, सायेब," सावनीबरोबर कॉलेजात आलेला कडुबा म्हणाला. मग सरांनी नवी माझ्या शेजारी बांधली. बांधू दे, मला काय!

मित्रांनो, जुन्या, वाकड्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या जपा. पटलं नाही म्हणून फाडू नका. लिहिलंय तिथं आधी जाऊन या. त्या पट्टीवर आता गाड्या लावायला फरशी घालणार आहेत म्हणे. घाला खुशाल. तिथं कोण राहत होतं, हे विचारायला तुम्हाला माझ्याकडंच यावं लागेल.