वाटेत गळालेला 'नको'

मित्रांनो, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यातला मी जुना वॉकीटॉकी आहे. माझा माणसांवर राग आहे. तो का, ते ऐका.

मी डिजिटल आहे. तुमच्या आवाजाचे मी आकडे करतो, त्यांची छोटी पाकिटं बांधतो आणि हवेत सोडतो. छतावरचा रिपीटर ती झेलून, जोर देऊन पुढे पाठवतो. माझ्याआधीच्या रेडिओंत अंतर वाढलं की खरखर वाढायची, ऐकणारा सावध व्हायचा. माझं तसं नाही. पाकीट पोचलं तर शब्द स्वच्छ, हरवलं तर शब्दच नाही.

मी सुरक्षा अधिकारी कुमुदिनी मॅडमच्या हातात असायचो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग मोबाइलवर ग्रुप निघाला आणि मी कोपऱ्यात गेलो. वीज गेल्यावर रिपीटर चालवणारी बॅटरी फुगली. मॅडमनी मॅनेजर हेमचंद्र यांना ती बदलायला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"अहो मॅडम, सगळ्यांकडे फोन आहेत. ते डबडं कशाला सांभाळायचं?" ते हसून म्हणाले.

"प्लांटच्या आत फोन चालत नाही, सर. ठिणगीची भीती असते."

"बघू नंतर."

ते 'नंतर' आलंच नाही. एका दुपारी व्हॉल्व्ह फुटून वायू गळू लागला. वीज लगेच तोडली आणि बॅटरी मेलेली, म्हणून रिपीटरही बंद पडला. सगळे बाहेर धावले. आत राहिला चांगो, बारवीकडच्या पाड्यावरचा कामगार. त्याच्याकडे माझा जोडीदार संच होता.

मॅडमनी मला थेट चॅनेलवर लावलं. आता रिपीटरचा आधार नव्हता. मधे जाड भिंती होत्या. वारा वायूला डाव्या दाराकडे ढकलत होता.

"चांगो, डाव्या दाराने येऊ नको!"

मी सगळे शब्द पाठवले. शेवटची पाकिटं मात्र भिंतीत गळाली; पलीकडे पोचलं ते 'डाव्या दाराने ये' एवढंच.

"बरा मॅडम, डाव्या दारानं येतंय," पलीकडून आवाज आला.

"नको! चांगो, नको!" त्या ओरडल्या. पण घाबरलेल्या चांगोचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, आणि बटण दाबून बोलणाऱ्याला पलीकडचं काही ऐकू येत नाही. मला फक्त त्याचे धावते पाय ऐकू येत होते. मग खोकला.

मॅडम तोंडाला ओला रुमाल बांधून स्वतः आत शिरल्या आणि त्याला ओढत बाहेर घेऊन आल्या.

चांगो वाचला. छाती मात्र कायमची गेली. चौकशीत हेमचंद्र म्हणाले, "वॉकीटॉकी जुना होता." सगळा ठपका माझ्यावर आला. हेमचंद्र मात्र खुर्चीत तसेच बसून आहेत.

पुढे चांगोची बायको चंद्री गेटवर आली. मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, "तुमीच बोललात ना, डाव्या दारानं ये म्हणून? आता तो चार पावलं चालला की बसतो. शेत कोण लावील?"

"मी 'येऊ नको' म्हटलं होतं गं."

"तो खोटा नाय बोलत."

"नाही. त्याने तसंच ऐकलं."

चंद्री थुंकली आणि वळून चालू लागली. मॅडम मला मुठीत आवळून तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, दसऱ्याला मला कुंकू लावता, झेंडू वाहता. ठेवा ते तुमच्याजवळ. बॅटरी वेळेवर बदला. बोलून झालं की बटण सोडा आणि सांगितलेलं समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. एवढंही जमत नसेल, तर माणसांना आत पाठवू नका.